खुर्चीकाकांची जागा

विद्यापीठाच्या गावात करमणुकीलाही वेळापत्रक असतं, आणि ते वेळापत्रक खुर्चीकाकांच्या मानगुटीवर बसलेलं होतं. सोमवारी बुद्धिबळवाले, मंगळवारी चित्रपट मंडळ, बुधवारी कवी, शुक्रवारी नाटकवाल्यांची तालीम. सगळे येणार त्या एकाच सभागृहात, आणि प्रत्येकाला खुर्च्या वेगळ्या मांडून हव्यात. बुद्धिबळवाल्यांना समोरासमोर, कवींना गोलात. नाटकवाल्यांना खुर्च्यांची अडचण व्हायची. तालीम संपली की मात्र टेकायला सगळ्यांना एकदम हव्या असायच्या.

सव्वीस वर्षं काका त्या मांडत आणि आवरत आले होते, आणि सव्वीस वर्षांत त्यांनी एकही कार्यक्रम बसून पाहिला नव्हता. बसणार कधी? काका, माईक शिट्टी मारतोय. काका, खिडकी वाजतेय. काका, सरांचा चष्मा मागच्या आठवड्यापासून इथेच कुठेतरी आहे. काकांचा जीव नुसता मेटाकुटीला यायचा.

एक विद्या मात्र त्यांनी स्वतःच्या अकलेने कमावली होती. आयोजक शंभर माणसं येतील म्हणाले, की साठच खुर्च्या मांडायच्या. "रिकाम्या खुर्च्या दिसल्या की कलाकाराचा आवाज बसतो," काका सांगायचे. "चार माणसं उभी दिसली की चढतो." जास्तीच्या खुर्च्या शेजारच्या खोलीत ठेवायच्या आणि लागतील तशा दोन-दोन काखेत मारून आणायच्या. यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

आणि मग त्यांची बायको गायला लागली.

अठरा वर्षं मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाक करून ती निवृत्त झाली आणि महिनाभरात गावातल्या ज्येष्ठांच्या गायनवृंदात जाऊन बसली. रविवारी दुपारी चार वाजता काकांच्याच सभागृहात वृंदाचा कार्यक्रम होता. पाचव्या गाण्यातल्या चार ओळी तिने एकटीने म्हणायच्या होत्या. त्या चार ओळींनी तीन महिने घरात उच्छाद मांडला होता. आंघोळीला चार ओळी, भाजी चिरताना चार ओळी.

"अहो, त्या दिवशी दारात उभे राहू नका," ती म्हणाली. "पहिल्या रांगेत बसा. तुमचं तोंड दिसलं नाही तर माझा आवाज फुटायचा नाही."

"घरात इतकी वर्षं बरा फुटतोय."

"चेष्टा पुरे. बसणार का नाही?"

"बसतो गं बाई!"

आयोजक म्हणाले, दीडशे माणसं येतील. म्हाताऱ्यांचं गाणं ऐकायला दीडशे? काकांनी सवयीने ऐंशी खुर्च्या मांडल्या आणि पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर आपला रुमाल टाकला.

पावणेचारलाच दारात रीघ लागली. काकांच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी, की अठरा वर्षं जिच्या हातचं जेवले, तिचं गाणं ऐकायला पोरं येणारच. कुणी आता मास्तर झालेलं, कुणी बायकामुलांसकट. काका खुर्च्या आणायला धावले. परत येऊन पाहतात तो, स्वतःच्या तासालाही उशिरा जाणारे इतिहासाचे प्राध्यापक आज नेमके वेळेवर आले होते, आणि रुमालाची नीट घडी करून, ती खिडकीत ठेवून, काकांच्या जागेवर बसले होते. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण काही बोलणार, तेवढ्यात मागून हाक आली, "काका, इकडे दोन!"

पहिलं गाणं दोन खुर्च्यांत गेलं, दुसरं सहांत. चौथ्याच्या टाळ्या त्यांनी शेजारच्या खोलीत ऐकल्या, दोन्ही काखांत खुर्च्या घेऊन, स्वतःला, आयोजकांना आणि इतिहासाला शिव्या देत.

मग पेटी वाजली आणि थांबली. पुन्हा तेवढीच वाजली, पुन्हा थांबली. काका तसेच दारात आले.

बायको मंचावर पुढे एकटी उभी होती. हात घट्ट बांधलेले, तोंड उघडं, आवाज नाही. ती कडेच्या खुर्चीकडे बघत होती, आणि तिथून प्राध्यापक तिला मान हलवून धीर देत होते.

तिने सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली आणि दारात तिला ते दिसले.

"अहो," ती मंचावरून म्हणाली, अगदी घरातल्या आवाजात, "ठेवा त्या खुर्च्या खाली. आणि बसा!"

लोक हसले. काकांचे कान तापले. वाटेत खुर्ची टाकायची नाही, हा त्यांचाच नियम. त्यापायी त्यांनी भल्याभल्यांना उठवलं होतं. ते मधल्या वाटेने पुढे आले, पार मंचापाशी, भर वाटेत एक खुर्ची उघडली आणि बसले.

पेटी तिसऱ्यांदा वाजली. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज लागला.

दुसऱ्या ओळीला माईकने शिट्टी मारली. "काका," मागून कुणीतरी कुजबुजलं, "माईक..."

"मरू दे तो माईक," काका मागे न बघता म्हणाले. "गाणं ऐकतोय मी."