काचेवरचा अंगठा

माझ्या मामेसासऱ्यांइतका कागदावर जीव लावणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नसेल. सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली तरी त्यांचं मन भरलं नव्हतं. निवृत्तीनंतर ते पांढरकवड्याच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात रोज अकराच्या ठोक्याला हजर होत आणि येईल त्याचा अर्ज फुकट भरून देत. किराण्याच्या यादीलासुद्धा ते कार्बन लावत. मामींना लग्नाआधी लिहिलेल्या पत्रांच्या स्थळप्रती त्यांच्याकडे होत्या आणि भांडणात त्या पुरावा म्हणून बाहेर निघत. अर्ज भरून झाला की तो मोठ्यानं वाचून दाखवायचा, मग अंगठा. त्यासाठी जांभळ्या शाईचं पॅड कायम खिशात. कॉम्प्युटरला ते आधी 'साहेब' म्हणत. पुढे जे म्हणू लागले ते छापण्यासारखं नाही, पण त्यातला एकही शब्द मला चुकीचा वाटत नाही.

त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना माणसं दगावत होती. मुकुटबनकडची एक बाई आली, तिचा नवरा असाच गेलेला. मदतीचा अर्ज कॉम्प्युटरवरच भरायचा होता. 'घटना कशी घडली' या चौकटीपाशी मामांनी हलक्या आवाजात विचारलं. ती म्हणाली, "वारं उलटं होतं बाबूजी. औषध तोंडावर आलं. सांजच्याले म्हणे, मले दिसून नाही राह्यलं." मामांनी एका बोटानं ते टाइप केलं. दवाखान्याच्या दाखल्याचा नंबर तिच्याजवळ नव्हता, म्हणून मी अर्ज सेव्ह केला आणि तिला उद्या बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या चौकटी कोऱ्या! तिनं तोंडाला पदर लावून पुन्हा सगळं सांगितलं. तेवढ्यात लाईट जाणार म्हणून मी घाईनं सेव्ह केलं, आणि लाईट आल्यावर पुन्हा कोरंच. तेव्हा कुठे वरच्या कोपऱ्यातली मुंगीएवढी इंग्रजी ओळ मला दिसली: भरलेला मजकूर साठवता येणार नाही, छापून घ्या. मग ते सेव्हचं बटण कशाला ठेवलं होतं? ज्यानं हे बनवलं त्याला त्या बाईसमोर बसवून 'घटना कशी घडली' हे पुन्हा पुन्हा विचारायला लावायला हवं होतं. माझं डोकं अजून तापतं. ओळ आधी न वाचल्याबद्दल स्वतःवरही.

मामा तर उभेच राहिले. "काहून हो जावई, मी तहसीलीत एक चिटोरं हरवू नाही देल्लं, अन् हा डबा माणसाचं मरण दोनदा गिळून बसला!" मग तिच्याकडे वळून म्हणाले, "माय, तू चहा घे. आता तुले नाही विचारत."

तिचा शब्दन् शब्द त्यांना पाठ होता. उलट्या वाऱ्यापासून सगळं त्यांनीच लिहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा अर्ज मोठ्यानं वाचला नाही. पण सवय ती सवय. पॅड काढलं, तिचा अंगठा धरला आणि थेट स्क्रीनवर उमटवला! मी "अहो मामा" म्हणेपर्यंत ठसा बसला होता. ती बाई हसली, आणि मग आम्ही दोघंही. हसता हसताच मी छपाईचं बटण दाबलं.

अर्ज मंजूर झाल्याचं सांगायला ती आली तेव्हा मामांना जाऊन महिना झाला होता. ती त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मग स्क्रीनच्या कोपऱ्यातला जांभळा ठसा तिला दिसला.

"पुसला नाही?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं पदराचं टोक घेतलं आणि त्याच्याभोवतीची धूळ तेवढी पुसली.