आत्याचा अबोला

आत्या देवाला नुसतं 'देवा' म्हणून कधी हाक मारायची नाही. "बाजारात 'अहो' म्हणलं की कोण वळतंय व्हय? नाव घ्यावं लागतं," असं तिचं म्हणणं. लासुर्ण्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पत्र्याच्या देवळात ती प्रार्थनेला उभी राहिली की आधी डोक्यावरचा पदर सारखा करायची, घसा खाकरायची, आणि मग जसं काम असेल तसं नाव घ्यायची. पोटापाण्याचं असलं तर यहोवा यिरे, म्हणजे पुरवणारा. भांडण मिटवायचं असलं तर यहोवा शालोम, शांती देणारा. आजारपणाला यहोवा राफा, बरं करणारा. बायबलातली ही इब्री, म्हणजे हिब्रू, नावं तिला तिच्या आईनं गोधड्या शिवता शिवता शिकवली होती. आत्याही गोधड्याच शिवायची आणि शेजारपाजारच्या बहुतेकांची ती आत्या होती.

मी बारामतीची. लग्न होऊन तिच्या शेजारी आले तेव्हा मला हे जरा अतीच वाटायचं. एकदा म्हटलंच, "आत्या, देव एक, मग एवढी नावं कशाला?" तिनं सुई गोधडीत खोचली आणि माझ्याकडे पाहिलं. "मला तू आत्या म्हणतीस. पलीकडची वहिनी म्हणती. सामू आई म्हणतो. आता सामूनं उद्या मला वहिनी म्हणून हाक मारली, तर मी त्याला भाकरी वाढंन का चपलंनं हाणंन?" दोघीही पोट धरून हसलो.

गावातल्या इतर बायकांनाही तिची ही सवय पाठ होती. शेजारच्या पाटलांची म्हैस पान्हा चोरायला लागली, तेव्हा पाटलीणबाई कुंपणापलीकडून ओरडल्या, "आत्या, तुमच्या देवाचं दुधाचं नाव कंचं वो?" आत्या जागेवरनंच म्हणाली, "दुधाला येगळं न्हाय, यिरेतच येतं ते. पर आधी रेडकू सोडा, नाव मागनं घेऊ." असा सगळा रोकडा कारभार.

सामू तिचा एकुलता एक. नवरा लवकर गेला, पोरगं तिनं एकटीनं वाढवलं. तो कारखान्याला ऊस नेणारा ट्रॅक्टर चालवायचा. हसरा, मोठ्यानं गाणी म्हणणारा. त्याच्या किडन्या गेल्या असं कळलं आणि मायलेकाच्या बारामतीच्या खेपा सुरू झाल्या. त्या दिवसांत आत्याच्या तोंडी एकच नाव, राफा. भाकरी थापताना राफा, एसटीची वाट बघताना राफा.

आमच्या मंडळीची एक रीत आहे. जे मागायचं, ते मिळालंच असं समजून आधीच आभार मानायचे. एका रविवारी देवळात उपासना चालवणारे पाळकसाहेब आणि तरुण मुलं निळा ऑइलपेंट घेऊन आली आणि आत्याच्या घराच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'यहोवा राफा' लिहून गेली. सगळ्यांचा जीव होता हो सामूवर, म्हणूनच लिहिलं. तो बाजेवर पडून बघत होता. म्हणाला, "आई, आता मला बरं व्हावंच लागंल. न्हायतर देवाची इज्जत जायची." आम्ही सगळे हसलो. त्या हंगामातला ऊस संपायच्या आत सामू गेला.

मग त्या भिंतीचं काय करायचं, ते कुणालाच कळेना. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर तिथं जायची आणि मान खाली व्हायची. नाताळच्या रंगसफेदीचं निमित्त करून पाळकसाहेब चुना घेऊन आले. आत्या दारात आडवी उभी राहिली. "राहू द्या, पाळकसाहेब. त्याचं नाव खोटं न्हाय. पर माझ्याशी तो खरा वागला न्हाय. आजपासनं मी त्याच्याशी बोलायची न्हाय."

आणि खरंच बोलली नाही. देवळात यायचं मात्र सोडलं नाही तिनं. झाडून काढायची, सतरंज्या अंथरायची, प्रभुभोजनाच्या विधीच्या मेजावरचं पांढरं कापड घरी नेऊन धुवून आणायची. नवऱ्यावर रुसलेली बाई ताट वाढते, पाण्याचा तांब्या ठेवते, पण तोंडातून शब्द काढत नाही, तसं. प्रार्थना सुरू झाली की ओठ घट्ट मिटलेले. पाळकसाहेबांनी समजावलं तर म्हणाली, "रुसायला बी माणूस आपलं लागतं. परक्यावर कोण रुसतंय?"

पुढं मला मुलगा झाला, तो अपुऱ्या दिवसांचा. बारामतीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेला. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच काही सांगता येत नाही." सकाळच्या एसटीनं आत्या आली, काखेत लहानशी गोधडी. मी तिच्याकडं प्रार्थना मागितली नाही. कुठल्या तोंडानं मागणार? ती काचेतून बराच वेळ बघत राहिली. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"यहोवा राफा," ती म्हणाली. "माझ्यासाठी न्हाय बोलत मी. आपलं भांडण हाय तसंच हाय. पर ह्या लेकराचा काय गुन्हा त्यात? हात लाव ह्याला." एवढं बोलून ती बाकावर बसली आणि सामूचं नाव घेऊन रडली. तो गेला तेव्हाही ती एवढी रडली नव्हती.

पोरगं वाचलं. मी पाया पडायला गेले तर म्हणाली, "माझ्या नगं, त्याच्या पड." आणि तिचं बोलणं पुन्हा बंद. माझ्या मुलाला रोज तेल लावून न्हाऊ घालायची, आणि मध्येच हात थांबायचा. अशा वेळी मला माझ्या सुखाची लाज वाटायची. तिनं मागितलेलं मला मिळालं आणि तिचं तिला नाही, हा कुठला न्याय, हे मला अजून समजलेलं नाही.

यंदा आत्यानं अंथरूण धरलं. मी उशाशी बसून तिला म्हटलं, "आत्या, आता तरी बोला त्याच्याशी. कुठलंही नाव घ्या."

"मी का आधी बोलू? पोर माझं गेलं," ती म्हणाली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "आता समोरच जायचंय. तो आधी बोलला, तर इचारीन माझा सामू कुठाय म्हणून." दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

सामूशेजारीच तिला ठेवलं. माती लोटून झाल्यावर पाळकसाहेबांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. मी उभी राहिले, पण एकही नाव जिभेवर येईना. सगळे डोळे मिटून थांबले होते.

"आत्या आलीय," मी म्हणाले. "ती आधी बोलायची नाही. तूच बोल."