बंगळूरला, वैजूच्या रेकॉर्डिंगला

मिरजेहून निघालेली गाडी यशवंतपूरच्या पुढे रेंगाळू लागली तेव्हा उजाडलं होतं. शेजारच्या रिकाम्या जागेवर मी पिशवी ठेवून ती राखून धरली होती, हे एका बाईंनी "इथे कुणी आहे का?" असं विचारल्यावर लक्षात आलं. पिशवी उचलून मांडीवर घेतली. माझी पत्नी चैत्रात गेली. वैजूच्या रेकॉर्डिंगला दोघांनी जायचं हे तिनेच ठरवलं होतं.

आमची मुलगी वैजू बंगळूरच्या एका शाळेत संगीत शिकवते आणि दोन मित्रांबरोबर जॅझ वाजवते. ती पियानोवर, व्हिक्टर डबल बासवर (माणसाहून उंच, उभं धरायचं, व्हायोलिनच्या जातीचं वाद्य) आणि सतीश ड्रम्सवर. एक सुरावट ठरवायची आणि मग तिघांनी एकमेकांचं ऐकत जागच्या जागी रचत जायचं. ख्यालाची बढत ऐकलेल्या माणसाला हे फार परकं वाटत नाही.

स्टेशनवर वैजू वाकून पाया पडली आणि लगेच म्हणाली, "बाबा, आई गेल्यावर दोनदा रेकॉर्डिंग ठरलं. दोन्ही वेळा मी मधेच थांबले. उद्या जमलं नाही तर पुरे झालं हे."

मी "बरं" म्हणालो. एरवी अशा वेळी जे बोलायचं ते ही, म्हणजे वैजूची आई, बोलायची.

वैजूच्या घरमालकिणीला सगळे अक्का म्हणतात. त्यांनी अक्किरोट्टी (तांदळाच्या पिठाची थापलेली भाकरी, आत कांदा आणि शेपू) वाढली आणि मी नको म्हणेपर्यंत वाढतच राहिल्या. हिला शेपू आवडत नसे. मी तीन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बास रेकॉर्डिंगच्या हॉलवर न्यायला टेम्पो येणार होता, तो आला नाही. शेवटी रिक्षा केली. बासची मान बाहेर, पोट व्हिक्टरच्या मांडीवर आणि मी उरलेल्या कोपऱ्यात.

"स्वल्प अड्जस्ट माडी (थोडं सांभाळून घ्या)," रिक्षावाला मला म्हणाला.

"अंकल, त्याला सांगा, आम्ही दोघं सांभाळतोय, हा तिसरा ऐकत नाही," व्हिक्टर बासवर थोपटत म्हणाला. मग जरा वेळाने हिंदीत म्हणाला, "वैजू वाजवता वाजवता अचानक थांबते. रिकामं सोडते. आम्हीही थांबतो. मग ती परत येते. ते लोकांना फार आवडतं. हल्ली ती तिथून परत येत नाही."

ते रिकामं काय आहे हे मला रिक्षातच कळलं. लहानपणी वैजू चर्चच्या पियानोवर शिकायची आणि घरी पेटीवर सराव करायची. ही स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलेली असे. एखादी जागा नीट आली की आतून "हां" म्हणायची. तो "हां" येईपर्यंत वैजू पुढे जात नसे.

हॉलमध्ये जुना, मोठा पियानो होता. रेकॉर्डिंग करणाऱ्या मूर्तींनी पंखे बंद करायला लावले आणि श्रोत्यांना बजावलं: खोकायचं नाही, मी हात वर केल्यावरच टाळ्या. मी पुढच्याच बाकावर होतो.

पहिल्या दोन रचना सुरेख झाल्या. माझ्या मुलीचा डावा हात इतका भारदस्त झाला आहे हे मला ठाऊक नव्हतं. आजूबाजूची अनोळखी माणसं पुढे झुकून ऐकत होती, आणि ही माझी मुलगी आहे असं प्रत्येकाला सांगावंसं वाटत होतं.

तिसऱ्या रचनेत ती वर वर चढत गेली, एक वळण घेतलं आणि थांबली. व्हिक्टर थांबला. सतीशच्या काड्या हवेत राहिल्या. वैजूचे हात पट्ट्यांवर होते, पण हलत नव्हते.

मी ठरवून बोललो असं म्हणता येणार नाही.

"हां," मी म्हणालो.

वैजूने मान वर केली नाही. पण डावा हात खाली उतरला, बास त्याच्या मागोमाग आला, आणि मग ती शेवटापर्यंत थांबली नाही.

"सर," नंतर मूर्ती अदबीने म्हणाले, "माइक तुमच्यापासून चार हातांवर होता."

"मूर्ती, मी किती वेळा घसा खाकरला ते आधी काढा," सतीश म्हणाला.

वैजूने कानाला हेडफोन लावून तो भाग ऐकला. पुन्हा ऐकला. "स्वल्प अड्जस्ट माडी, मूर्ती. ते राहू द्या."

मिरजेला परतल्यावर शेजारच्या मेहबूबभाईंना, सतारी बनवतात ते, कॅसेट ऐकवली. ते डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या रचनेत त्यांनी डोळे उघडले.

"हे कोण बोललं?"

"मी."

"तुम्ही? इतक्या मैफली शेजारी बसून ऐकल्या, तुमच्या तोंडून कधी दाद आली नाही."

"घरात ते काम हिच्याकडे होतं," मी म्हणालो.

"पोरगी ऐकून पुढे गेली मात्र," ते म्हणाले. "मागे घ्या. पुन्हा ऐकू."