कानसेनचा टॉवेल

आवारातल्या अकरा ट्रकांचे ड्रायव्हर सकाळी निघण्याआधी तेलाची पट्टी ओढून बघत, पाणी बघत, मग केबिनमध्ये चढून काटे बघत. बारावा मात्र असल्या भानगडीत पडत नसे. तो मेहुण्याला गाडी चालू करायला लावायचा आणि स्वतः समोर उभा राहून, डोळे मिटून नुसतं ऐकायचा. म्हणून त्याचं नाव पडलं कानसेन.

"काटे बघायला कारकून ठेवा," असं तो सगळ्यांना सुनवायचा. काट्यांवर त्याचा ओला टॉवेल वाळत पडलेला असायचा. वीस वर्षांत गाड्या तीन बदलल्या, टॉवेल किती बदलले देव जाणे, पण त्या काट्यांना काही उजेड दिसला नाही.

खोटं कशाला बोला, कान होताच तसा. "पट्टा जातोय," असं हा सकाळी म्हणाला की दुपारी पट्टा तुटलाच म्हणून समजा. आवारातला मेकॅनिक म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्या बिचाऱ्याने अर्धं इंजिन खोलून जे शोधावं, ते हा दाजी उभ्या उभ्या सांगायचा, आणि वर चारचौघांत म्हणायचा, "तुझे पाने राहू दे, माझे कान बस झाले." मेहुण्याने हे वीस वर्षं गिळलं.

गेल्या वर्षापासून मात्र कानसेन भलताच उदार झाला. कुणाचीही गाडी समोर आणा, निकाल एकच: "मखमल." आळशी ड्रायव्हरांची चंगळ झाली. घरी मुलीने काही विचारलं की हा खेकसायचा, "तोंडातल्या तोंडात काय बोलतेस?" सगळं जग एकाएकी पुटपुटायला लागलं होतं आणि इंजिनं तेवढी गुणी झाली होती. याचा अर्थ त्याला कळत नव्हता असं नाही. पण आवाराच्या मालक साहेबांना कळलं तर ते त्याच दिवशी किल्ली काढून घेणार, आणि किल्ली गेली की आपल्याला कोणी विचारणार नाही, ही भीती त्याला आतून पोखरत होती. म्हणून गप्प.

मागच्या आठवड्यात त्याची स्वतःचीच 'मखमल' गाडी फेरी करून परत आली. मेहुण्याने सहज तेलाची पट्टी ओढली, तर कोरडी ठणठणीत. भरल्या गाडीचं इंजिन उतारावर जाम झालं असतं तर दाजी घरी आलेच नसते. त्याने मुकाट्याने तेल भरलं आणि संध्याकाळी बहिणीला गाठलं.

"मी सांगून सांगून थकले," ती म्हणाली. "ऐकतच नाहीत." दोघांनाही हसू आलं, आणि लगेच दोघांनाही वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा केबिनमध्ये चढला, पण त्याने किल्लीला हातही लावला नाही. खिडकीतून नुसता अंगठा दाखवला. बाकीचे ड्रायव्हर चहाचे कप घेऊन उभे होते. कानसेनने डोळे मिटले, मान तिरकी केली. आवारात नळ ठिबकत होता, तेवढाच काय तो आवाज. याने चांगलं मिनिटभर ऐकलं.

"सुरुवातीला जरा खाकरलं," तो म्हणाला. "पण आता मखमल."

कोणी हसलं नाही. मेहुण्याने या घटकेची वीस वर्षं वाट पाहिली होती, आणि आता ती आली तर त्याने अंगठा हळूच खाली घेतला.

कानसेनने डोळे उघडले. सगळे आपापल्या कपात बघत होते. त्याने मागे धुराच्या नळीकडे पाहिलं, मग बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट थंड होतं. हात बराच वेळ तिथेच राहिला.

मग तो दुसऱ्या दाराने चढून मेहुण्याच्या शेजारी बसला. टॉवेल ओढून काढला आणि त्यानेच काचांवरची धूळ पुसली. आत चार काटे होते. त्याने एकेकाकडे नीट पाहिलं.

"यातला तेलाचा कुठला रे?"

मेहुण्याने हळूच सांगितलं.

"मोठ्याने बोल," कानसेन साहेबांच्या ऑफिसच्या खिडकीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला. "मला ऐकू येत नाही."