गावोगाव फिरलेली कांडप मशीन

सेवेत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कोणता तपास आठवतो असं कुणी विचारलं, की मला आधी एक मिरची कांडप मशीनच आठवते.

तेव्हा मी भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपली होती. कोंढ्याकडची एक तिशीतली बाई दारात उभी होती. अंमलदाराने बसायला सांगितलं तरी बसेना. छोट्या उद्योगाच्या सरकारी योजनेतून तिने कर्ज घेतलं होतं. बँकेने मशीनची रक्कम नियमाप्रमाणे थेट पुरवठादाराला दिली. मशीन आली, आसपासच्या गावांतली मिरची तिच्याकडे येऊ लागली. मग मोटार आवाज करते म्हणत पुरवठादार मशीन दुरुस्तीला घेऊन गेला, ती परत आलीच नाही. आता अनुदानासाठी पाहणी व्हायची होती, आणि बाईने मशीन विकून खाल्ली असं गावात बोललं जात होतं. पाहणीत मशीन दिसली नसती तर अनुदान गेलं असतं आणि गुन्हा तिच्यावरच आला असता.

"साहेब, मले भरपाई नको," ती म्हणाली. "माही मशीन पायजे."

तिचं बोलणं मी शांतपणे ऐकलं. खोटं सांगणारा माणूस आधी सहानुभूती मागतो. ही तर मोटारीचा आवाज कसा येत होता तेच सांगत होती. मी फिर्याद घेतली, फसवणुकीचा गुन्हा नोंदवला आणि पुरवठादाराला चौकशीला बोलावलं.

इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं. मशीन पोचवल्याची तिचीच सही त्याने पुढे केली. दुरुस्तीला नेल्याचं साफ नाकारलं आणि बाईनेच कुणाला तरी विकली असेल, असं सुचवलं. निर्दोष माणसावर आळ आला की तो चिडतो. हा चिडला नाही. उलट माझी बदली इथे कधी झाली, राहायची सोय नीट आहे ना, अशी विचारपूस करू लागला. मी त्याला जाऊ दिलं, पण हवालदाराला त्याच्या जुन्या माणसांचा शोध घ्यायला सांगितलं.

खबर मिळाली ती चिखल्याहून. पूर्वी त्याचा टेम्पो चालवणारा एकजण आता तिथे खाणीच्या मालाच्या ट्रकवर होता. हवालदार साध्या वेशात गेला, चहा पाजला आणि त्याला बोलतं केलं.

"त्याच्यापाशी मशीनच दोन-तीन हायेत," ड्रायव्हर म्हणाला. "तेच फिरवून राहिला. एका गावातून उचलते, रंग मारते, दुसऱ्या गावात नवी म्हणून देते."

सध्या कुठे दिली, तर आंधळगावला. एका तरुणाने तसल्याच मशीनवर बेसन दळायचा धंदा काढला होता, त्याचीही पाहणी जवळ आली होती. हद्द आमची नव्हती, म्हणून तिथल्या ठाण्याला कळवलं, पंच बरोबर घेतले आणि फिर्यादी बाईलाही नेलं.

मशीन हार घालून ठेवलेली होती, निळी चकचकीत. तरुणाने अजून एक दाणाही दळला नव्हता. पाहणीच्या तयारीसाठी पुरवठादारही तिथेच आला होता. आम्हाला पाहून त्याने खुर्च्या मागवल्या. बाईची मशीन हिरवी होती आणि नंबराची पट्टी नवी ठोकलेली, त्यामुळे नुसतं पाहून कुणाला शपथेवर काही सांगता आलं नसतं.

"रिकामीच चालू करा," मी म्हणालो.

मोटार फिरली. आधी एक पंच शिंकला, मग हवालदार, मग मी. खोकल्याने सगळ्यांचे घसे धरले. पुरवठादार डोळे पुसत दाराकडे सरकला, तिथे शिपाई उभा होता. मशीन बंद करून झाकण उघडलं. आतल्या खाचांमध्ये लाल पूड घट्ट बसलेली होती. बाहेरून रंग मारला, आतून धुवायला तो विसरला होता. पंचांसमोर नमुना घेतला, पंचनामा केला, मशीन जप्त केली.

त्या तरुणाने वाकून मशीनच्या आत पाहिलं. मग म्हणाला, "मंग माही मशीन कोठी हाय, साहेब?"

त्याचीही फिर्याद घेतली.

ठाण्यात आणल्यावर मी पुरवठादाराला एकच विचारलं: बेसनाच्या कोऱ्या मशीनमध्ये मिरची आली कुठून? त्याची विचारपूस तिथेच थांबली. पाणी मागून घेतलं आणि एकेक गाव सांगू लागला. पट्टी बदलणारा कारागीरही त्यानेच दाखवला; कारागिराकडे जुनी नंबराची पट्टी निघाली आणि बाईची मशीन हीच, हे पक्कं झालं.

मशीन मुद्देमाल म्हणून ठाण्यात गंजत पडली असती तर तिच्या हाती काय लागलं असतं? म्हणून तिला कोर्टात अर्ज करायला सांगितलं, आम्ही हरकत घेतली नाही. सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायची लेखी हमी घेऊन, मशीन कोंढ्याकडे परत गेली आणि पाहणीच्या वेळी चालू होती. आमच्या पत्रावरून बँकेने पुरवठादाराचं खातं गोठवलं होतं, त्या पैशांतून पुढे तरुणालाही मशीन मिळाली, पण त्याचा एक हंगाम गेला तो गेलाच.

खटला उभा राहिला तेव्हा बचावाच्या वकिलाने बाईला घोळात घ्यायचा खूप प्रयत्न केला. मशीन तुम्हीच विकली होती, असं पुन्हा पुन्हा सुचवलं. तिने कठडा धरला नव्हता, सरळ उभी होती.

"विकाचीच होती त घेतली काहून असती?" ती म्हणाली. "मले धंदा कराचा होता."

पुढे पुरवठादाराला शिक्षा झाली.

सरकारी योजनेत घोटाळा झाला की सगळ्यांची नजर आधी लाभार्थ्यावर जाते, कारण तो हाताशी असतो आणि सही त्याची असते. या तपासाने मला उलट दिशेने पाहायला शिकवलं. ज्याला खरोखर धंदा करायचा असतो तो माणूस पळत नाही, ठाण्याच्या दारात येऊन उभा राहतो. त्याला आत बोलवून नीट ऐकलं, तर अर्धा तपास तिथेच होतो.