मास्तरांच्या न्हाणीवर खिडकी

शामकांत देवचके मास्तरांनी गावाला बाराखडी शिकवली आणि आंघोळ शिकवली. बाराखडी बऱ्याच जणांना शेवटपर्यंत आली नाही, पण आंघोळीतून कुणाची सुटका झाली नाही. मास्तर वर्गात शिरले की आधी पोरांच्या माना बघत. मानेवर मळ दिसला की कान धरून घरी. पौषातल्या थंडीत मलाही त्यांनी असं पिटाळलंय, आणि आईनं डोक्यावर ओतलेल्या त्या गार पाण्याचा राग माझ्या मनात अजून आहे. पुढं मास्तर निवृत्त झाले, मी ग्रामपंचायतीचा कारकून झालो, पोरांचा बाप झालो, तरी रस्त्यात गाठ पडली की त्यांचा पहिला प्रश्न तोच, "काय रे बन्सी, आंघोळ झाली का?"

स्वतः मास्तर रोज उजाडायच्या आत न्हाणीत बसत. न्हाणी म्हणजे परसात एक फरशी, तीन बाजूंनी पुरुषभर भिंती, चौथीकडे गोणपाट आणि वर उघडं आभाळ. तिथून आधी गंगा, यमुना, गोदावरी अशी नद्यांची खणखणीत नावं निघत आणि मागोमाग तांब्यातलं पाणी पडल्याचा धबाधबा आवाज. सगळी आळी त्या आवाजावर जागी व्हायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमचं गाव मिरजगावपासून कोसभर आत, आडबाजूला. विहिरींनी तळ दाखवला. एकाआड एक दिवस टँकर येई, आणि माणशी एक घागर पाणी मिळे. त्यातच पिणं, त्यातच रांधणं, त्यातच शेरडं-करडं. गावानं आंघोळीचं नाव टाकलं. आणि मास्तरांच्या न्हाणीतला धबधबा मात्र जसाच्या तसा! काही भाबडे म्हणाले, पुण्याईचं बळ आहे. बाकीचे म्हणाले, टँकरवाल्याशी संधान आहे.

मास्तरांच्या परसाला परस लागून सहादेव खेतमाळसचं घर. घर कसलं, एक खोली, पुढं पडवी आणि मागं पाचटाचं छप्पर. त्यात आठ माणसं. थोरल्या पोराचं लग्न झालं, सून घरात आली आणि जागेअभावी पोरगा मारुतीच्या देवळात झोपायला गेला. मारुतीच्या देवळात! गावातल्या टवाळांना तेवढंच पाहिजे होतं. शेवटी सहादेवनं ठरवलं, मागचं पाचट काढून तिथं लाकडी माडी करायची, वर पत्रे टाकायचे. या कामाला पाणी लागत नाही. त्यानं पंचायतीत अर्ज दिला, मी चावडीवर नोटीस लावली आणि दुसऱ्याच दिवशी मास्तरांची हरकत दाखल झाली. मोत्यासारखं अक्षर. "नियोजित माडीच्या खिडकीतून आमची न्हाणी दिसेल व स्नानाचे पावित्र्य भंग पावेल."

सभेत हरकत वाचून झाली. सहादेव बिचारा टोपी हातात फिरवत बसला. त्याची बायको छबूबाई मात्र पदर खोचून उठली.

"दिसंल तर दिसंल! आमाला बी बगू द्या की, येवढं पानी येतंय कुठनं. आमच्यात आठ मान्सं ओठ चाटत्यात, आन ह्ये रोज म्हशीवानी डुंबत्यात."

म्हशीचं नाव निघताच मास्तर लालबुंद झाले आणि उपरणं झटकून सभेतून निघून गेले. सरपंच काकासाहेबांना तमाशाची भारी हौस. त्यांनी लगेच निकाल दिला, "सहादेवनं माडीच्या उंचीची परांची बांधायची. परवा येरवाळी, दिस उगवायला, पंच वर चढत्याल. खाली मास्तरांनी आंगूळ करायची. दिसली तर हरकत खरी, न्हाई दिसली तर खोटी. आन पान्याचं बी बगून हुईल."

हा निरोप मास्तरांना पोचवायचं काम माझ्याकडं आलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. गावाच्या माना तपासणाऱ्या माणसाची आंघोळ आता गाव तपासणार होतं! दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे मी त्यांच्या परसात गेलो. न्हाणीत गंगा-यमुना चालू होत्या, पाणी धबाधबा पडत होतं. तेवढ्यात वाऱ्यानं गोणपाट उडालं आणि मी बघतच राहिलो.

मास्तर पंचा नेसून फरशीवर बसले होते. कोरडे ठणठणीत. पुढ्यात घंगाळ, त्याच्या तळाला जेमतेम पाणी. मास्तर तांब्या बुडवत, हात उंच नेत आणि तेच पाणी वरून पुन्हा घंगाळात ओतत. परत बुडवत, परत ओतत. एक थेंब सांडत नव्हता.

त्यांनी मला पाहिलं. गोदावरी अर्ध्यातच थांबली.

"बन्सी, कुणाला बोलू नकोस," ते हलक्या आवाजात म्हणाले. मास्तरांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "हे पाणी तुझ्या काकूंच्या स्वयंपाकाचं आहे. अंगावर कसं घेऊ? पण आवाज बंद झाला तर लोक म्हणतील, मास्तरसुद्धा पारोसा राहतो. मग ज्यांना ज्यांना मी घरी हाकललं, ते सगळे माझी मान बघायला येतील."

मी सरपंचांचा हुकूम सांगितला. मास्तरांनी तांब्या खाली ठेवला. म्हटलं, "हरकत मागं घ्या."

"मग खिडकी होईल. रोजच दिसेल."

"मग लोकांना खरं सांगून टाका. निदान पाणीचोर तरी म्हणणार नाहीत."

"चोर म्हणाले तरी चालेल," मास्तर म्हणाले आणि लगेच मान हलवली, "नाही, तेही चालणार नाही."

ठरल्या दिवशी परांची करकरत होती. काकासाहेब, पंच गोरक्षनाथ, सहादेव, छबूबाई आणि कागद घेऊन मी, असे सगळे चिमण्यांसारखे ओळीनं वर बसलो. खाली न्हाणीत मास्तर. दारात त्यांच्या पत्नी इंदूकाकू, पदराचं टोक दातात धरून उभ्या. टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता. घरातलं होतं नव्हतं ते पाणी त्या घंगाळात होतं.

"हां मास्तर, करा चालू," काकासाहेब ओरडले.

मास्तरांनी नद्यांची नावं घेतली. आवाज चिरका निघाला. त्यांनी तांब्या भरला, डोक्यावर नेला आणि हात तिथंच थांबला. मास्तरांनी इंदूकाकूंकडं पाहिलं. काकू घंगाळाकडं बघत होत्या. माझा सगळा आनंद पार आटला होता. मला वाटत होतं, कुणीतरी ही परांची मोडून टाका.

छबूबाई वाकून बघत होती. तिनं ते तळाचं पाणी बघितलं, मास्तरांचं कोरडं, पांढुरकं अंग बघितलं. रोज घागर मोजून वापरणाऱ्या बाईला काय सांगायचं?

"सरपंच, हितनं काय दिसत न्हाई," ती म्हणाली. "चला खाली."

"दिसत न्हाई? मला तर चांगलं..."

"काय दिसतंय तुमास्नी? सांगा की, मोठ्यानं सांगा. वैनी दारात हुब्या हायेत."

काकासाहेबांनी डोळे चोळले. "तसं धुकंच हाय म्हना."

"लई धुकं," गोरक्षनाथ म्हणाला. फाल्गुनातलं कोरडं ठाक आभाळ होतं.

आता मी अडचणीत. लिहिणं माझ्याकडं. म्हटलं, "न्हाणी दिसत नसेल तर मास्तरांची हरकत उडते. माडीला परवानगी द्यावी लागते."

खालून मास्तरांचा वर्गातला आवाज आला, "दिसत नाही! मुळीच दिसत नाही! लिही बन्सी!"

आपलीच हरकत आपल्याच तोंडानं बुडवणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मी लिहिलं, सगळे खाली उतरले. मास्तर अंगरखा चढवून सही करायला आले. छबूबाई भिंतीला टेकून उभी होती. मास्तर तिला म्हणाले, "छबूबाई, तुमचे उपकार झाले."

"उपकार कसले, मास्तर," ती हळूच म्हणाली. "खिडकीला मी फळकूट ठोकते, सुनंला बी सांगते. पर उद्यापास्नं त्ये पानी तेवढं वाजवू नगा. आवाज आला की आमची बारकी पोरं झोपंतनं उठत्यात आन प्यायला मागत्यात."

कागदावर सही करायची जागा मास्तरांना सापडेना. मी बोटानं दाखवली.