जागेश्वरचे समुद्राकाठचे दिवस

जागेश्वर तांडापेठेतल्या कोष्ट्याचा मुलगा. घरचा माग बंद पडला तेव्हा तो इतवारीतल्या बर्फाच्या कारखान्यात लागला आणि चार वर्षांत नुसत्या आवाजावरून मशीनचा बिघाड सांगू लागला. त्याच हुन्नरावर एकोणऐंशी साली त्याला ओमानच्या किनाऱ्यावर, कोळ्यांच्या एका लहानशा गावी नोकरी मिळाली. मुलगी शामला तेव्हा दीड वर्षाची होती. स्टेशनावर बायको प्रेमिला एवढंच म्हणाली, "दोनच वर्षं जी. जास्त नाही."

गाव म्हणजे पन्नास-साठ घरं, एक मशीद आणि बर्फाचा कारखाना. जूनपासून तीन महिने समुद्र एवढा खवळे की कोळी होड्या वाळूवर ओढून ठेवत. मासळी नाही, म्हणून बर्फ नाही. जागेश्वर रिकामा.

त्याच दिवसांत अ‍ॅलन नावाचा एक ऑस्ट्रेलियन तिथे तंबू ठोकून राहिला होता, केवळ लाटांसाठी. लांब फळीवर पालथा पडून तो आत जाई आणि लाट उठली की फळीवर उभा राहून किनाऱ्यापर्यंत येई. जागेश्वर दोन दिवस नुसता बघत बसला. अंबाझरीच्या तलावात पोहून वाढलेला माणूस तो, तिसऱ्या दिवशी त्याने खुणेनेच फळी मागितली. आठवडाभर नाकातोंडात खारं पाणी गेलं. मग एका दुपारी तो उभा राहिला, आणि लाटेने त्याला अलगद वाळूवर आणून सोडलं. काठावरचे म्हातारे कोळी हसले. त्या दिवशी त्याने घरी पत्रात लिहिलं, 'मी आज पाण्यावर उभा राहिलो.'

ते पत्र निघायच्या आत तार आली. रेशनच्या ट्रकवाल्याने आणली, अकरा दिवसांची शिळी. शामला सिरियस, धंतोलीच्या दवाखान्यात, ताबडतोब या.

पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत होता. जागेश्वर कारखान्याच्या मुनिमाकडे धावला.

"चाबी साब के पास है," मुनीम म्हणाला. "साब इलाज के लिए लंदन गए."

"कब आएंगे?"

"मालूम नहीं."

"यहाँ काम तो कुछ है नहीं. मुझे रखके क्या करोगे?"

मुनीम माणूस वाईट नव्हता. त्याने चहा मागवला. पण चहाने तिजोरी कशी उघडणार?

अ‍ॅलनने त्याला आपल्या जीपमधून मस्कतला नेलं. मालकाच्या तिथल्या ऑफिसातही तेच उत्तर. जागेश्वर विमानतळापर्यंत गेला आणि दारातून परत फिरला. फोन करावा तर तांडापेठेत कोणाकडे? शेवटी त्याने तार केली, 'येता येत नाही.' पुढे आणखी काही लिहावं म्हणून तो बराच वेळ पेन धरून उभा राहिला, पण काही सुचलं नाही.

गावी परतल्यावर अ‍ॅलनने फळी त्याच्यापुढे आणून ठेवली. जागेश्वरने नकाराची मान हलवली. पुढचे कितीतरी दिवस तो कारखान्याच्या पायरीवर, समुद्राकडे पाठ करून बसत असे.

दीड महिन्याने प्रेमिलाचं पत्र आलं. 'ताप उतरला. पण पोरगी पाय टाकत नाही. डॉक्टर पोलिओ म्हणतात. तुमची वाट पाहून पाहून मीच दवाखान्याच्या कागदावर सही केली.'

मालक ऑक्टोबरात आला. जागेश्वरची हकीकत ऐकून त्याने लगेच तिजोरी उघडली आणि मुनिमाला विचारलं, "मला लंडनला कळवलं का नाहीस?"

जागेश्वर घरी आला तेव्हा शामला त्याला ओळखेना. तिला बापाची सवय व्हायला पावसाळा उजाडला. त्यानंतर वर्षभराने धंतोलीच्या डॉक्टरांनी तिच्या पायांना पट्ट्यांचे लोखंडी बूट बसवले आणि तिला खोलीच्या मधोमध उभं केलं. दोन पावलं टाकून ती कोसळली. जागेश्वर झेपावला.

"हात लावू नका," डॉक्टर म्हणाले. "तिलाच उठू द्या."

"बाबा, उचल ना," शामला म्हणाली.

"ऊठ वं माय. तूच ऊठ."

तिने भिंतीपर्यंत सरकत जायला सुरुवात केली. प्रेमिलाने तोंड खिडकीकडे वळवलं. शामलाला उठायला फार वेळ लागला. तोवर जागेश्वर पाठीमागे आपलेच हात घट्ट धरून उभा होता.